घंटागाडी आली नाही तर?

१. एका गल्लीतली सकाळ

सकाळची वेळ आहे. जळगावच्या एका गल्लीत आयाबाया कचऱ्याचे डबे घेऊन दारात उभ्या आहेत. रोज आठच्या सुमाराला घंटागाडी येते. तिचा आवाज कानावर आला की घराघरांतून डबे बाहेर येतात. आज आठ वाजले. नऊ वाजले. गाडी काही आली नाही.

पहिल्या दिवशी कोणी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी डबे भरले. तिसऱ्या दिवशी वास सुटला. त्या रात्री कोणीतरी अंधारात एक पिशवी नेली आणि कोपऱ्यावरच्या विजेच्या खांबाखाली ठेवून दिली. सकाळी तिथे दहा पिशव्या होत्या. संध्याकाळपर्यंत ढीग झाला. ढिगावर गाई आल्या, कुत्री आली, डुकरे आली. पिशव्या फुटल्या. पाचव्या दिवशी प्लॅस्टिक वाहत जाऊन गटार तुंबले आणि घाण पाणी लोकांच्या ओट्यापर्यंत आले.

ही गोष्ट कोणत्याही शहरात घडू शकते. जळगावात घडते तशी धुळ्यात घडते, अमळनेरला घडते, मोठ्या पुण्या-मुंबईतही घडते.

आम्ही ही गोष्ट वर्गात सांगत होतो. मागे भिंतीला टेकून एक आजी बसल्या होत्या. त्या मध्येच म्हणाल्या, "गुरुजी, शहराचा कचरा शहरवाले बघतील. आपलं काय जातं त्यात? आपल्या मागच्या दारी उकिरडा आहे की!"

वर्गात सगळे हसले. पण आजींचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. शहराच्या कचऱ्याशी खेड्याचा काय संबंध? चला, या प्रश्नाचे उत्तर आपण सगळे मिळून शोधू.

२. कचऱ्याची साखळी

आधी कचरा जातो कुठे ते पाहू.

घरातला कचरा डब्यात पडतो. डब्यातून घंटागाडीत जातो. घंटागाडी लहान असते. ती भरली की एका ठरलेल्या जागी रिकामी होते. तिथून मोठ्या गाडीने तो गावाबाहेर कचरा डेपोत जातो. डेपोत त्याची निवड व्हावी, ओल्याचे खत व्हावे, सुक्यातले कामाचे विकले जावे आणि उरलेलेच पुरले जावे, अशी रीत आहे. सगळीकडे ती नीट पाळली जाते असे नाही.

घर, घंटागाडी, मोठी गाडी, डेपो. या चार कड्या झाल्या. विहिरीच्या रहाटाची साखळी आठवा. तिची एक कडी तुटली की पोहरा वर येत नाही. बाकीच्या कड्या कितीही मजबूत असोत, उपयोग नाही. कचऱ्याचेही तसेच आहे.

हे काम कोणाचे? शहरात नगरपालिकेचे किंवा महानगरपालिकेचे. जळगाव आणि धुळे येथील नगरपालिकांची महानगरपालिका २००३ साली झाली. खेड्यात हे काम ग्रामपंचायतीचे. घरपट्टी आपण भरतो ती अशाच कामांसाठी.

आता थोडा हिशेब करू. २०११ च्या जनगणनेत जळगाव शहराची वस्ती सुमारे ४ लाख ६० हजार होती आणि धुळ्याची सुमारे पावणेचार लाख. अशा शहरात एका माणसामागे रोज साधारण ३०० ग्रॅम किंवा त्याहून जास्त कचरा निघतो. म्हणजे जळगावात रोज १०० टनांहून जास्त कचरा झाला. एका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत दोन टन कचरा मावतो असे धरले, तर रोज ५० ट्रॉल्या भरतील. गाड्या पाच दिवस बंद राहिल्या तर २५० ट्रॉल्या. एवढ्या ट्रॉल्या एका रांगेत उभ्या केल्या तर रांग मैलभर लांब जाईल.

३. साखळी कशाने तुटते?

साखळी तुटण्याची कारणे पुष्कळ आहेत. त्यांतली मुख्य चार सांगतो.

पहिले कारण, कामगारांचा संप. घंटागाडीवर काम करणारी माणसे पुष्कळदा ठेकेदाराच्या हाताखाली असतात. पगार महिना महिना थकतो. हातमोजे मिळत नाहीत, बूट मिळत नाहीत. मग एक दिवस गाड्या उभ्या राहतात. जळगाव आणि धुळे या दोन्ही शहरांत पगारासाठी कामबंद झालेले लोकांनी पाहिले आहे. अशा वेळी लोक कामगारांनाच शिव्या देतात. ते बरोबर नाही. दुसऱ्याची घाण रोज उचलणाऱ्या माणसाला त्याचा पगार वेळेवर मिळावा, हे मागणे काही जास्तीचे नाही. कायद्याने संपाआधी १४ दिवसांची सूचना द्यावी लागते. ती सूचना म्हणजे पालिकेला मिळालेले १४ दिवस. त्या दिवसांत बोलणी करता येतात. बोलणी फिसकटली तर दुसरी सोय करता येते.

दुसरे कारण, पूर आणि अतिवृष्टी. रस्ते बंद होतात. डेपोत गाडी रुतते. शिवाय कचरा वाढतो. भिजलेले धान्य, गाद्या, मेलेली जनावरे, गाळ, सगळे एकदम बाहेर येते.

तिसरे कारण, साथ आणि संचारबंदी. २०२० च्या मार्चमध्ये कोरोनामुळे सारा देश बंद झाला. रेल्वे थांबली, शाळा थांबल्या. पण कचरा थांबला नाही. घरोघर माणसे बसून होती, त्यामुळे चुली चालू आणि डबे भरलेले. सफाई कामगार मात्र रोज कामावर जात होते. दंगलीमुळेही संचारबंदी लागते. २००८ च्या ऑक्टोबरमधली संचारबंदी धुळ्याच्या लोकांना आठवत असेल. अशा वेळी सफाईच्या गाड्यांना पोलिसांचा पास मिळवून द्यावा लागतो. नाहीतर गाडी आणि माणूस दोन्ही असून काम अडते.

चौथे कारण, डेपोची वाट बंद होणे. हे कारण आपल्या खेड्यांशी थेट जोडलेले आहे. त्याची गोष्ट पुढे येईल.

४. तापीकाठची गोष्ट

आजींच्या शेजारी एक जिभाऊ बसले होते. ते म्हणाले, "आजी, मी चौऱ्याण्णव साली सुरतला होतो. यंत्रमागावर. आपलं काय जातं ते मी सांगतो." मग त्यांनी जे सांगितले, त्याला आमच्या माहितीची जोड देऊन ती गोष्ट येथे लिहितो.

सुरत आपल्याला परकी नाही. खानदेशातल्या गावागावांतून माणसे पोटासाठी सुरतेला गेलेली आहेत. जळगावहून धरणगाव, अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार करीत रेल्वे थेट सुरतेला जाते. आणि जी तापी भुसावळवरून वाहते, तीच पुढे सुरतेवरून समुद्राला मिळते.

१९९४ च्या पावसाळ्यात सुरतेत फार पाऊस झाला. तापीला पूर आला. खालच्या वस्त्यांत पाणी साचून राहिले. या वस्त्यांत बहुतेक बाहेरगावचे कामकरी राहत. एका खोलीत दहा दहा माणसे. पूर ओसरला, पण कचरा तसाच पडून राहिला. मेलेली जनावरे वेळेवर उचलली गेली नाहीत. गटारे तुंबलेली. उंदीर बिळांतून बाहेर आलेले. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात माणसे तापाने आणि खोकल्याने दगावू लागली. डॉक्टरांनी रोगाचे नाव सांगितले, प्लेग!

नाव ऐकताच शहरात पळापळ झाली. थोड्या दिवसांत लाखो माणसे सुरत सोडून गेली. गाड्यांच्या टपावर बसून माणसे गावाकडे आली. त्यात आपली खानदेशी मंडळीही होती. जिभाऊ म्हणाले, "गावी आलो तर वेशीवरच लोकांनी अडवलं. सख्खा भाऊ लांबून बोलला. आई तेवढी जवळ आली." देशात या साथीत पन्नासाहून जास्त माणसे दगावली. माणसे मेली ती मेलीच, पण हजारो घरांची कमाई बुडाली. सुरतेला पाठवलेला मुलगा रिकाम्या हाताने परत आला.

नुसत्या कचऱ्याने प्लेग होतो असे नाही. प्लेगचे जंतू उंदरांवरच्या पिसवांतून माणसात येतात. पुढे फुप्फुसाला झाला तर खोकल्यातून पसरतात. पण पुराचे पाणी, न उचललेली घाण आणि दाटीची वस्ती यांनी रोगाला वाट मोकळी करून दिली, असे पुढे पुष्कळांनी मानले.

आता गोष्टीचा दुसरा भाग ऐका. १९९५ साली एस. आर. राव नावाचे आयुक्त सुरतेच्या पालिकेत आले. त्यांनी शहराचे सहा भाग केले. एकेका भागाची जबाबदारी एकेका अधिकाऱ्यावर टाकली. अधिकाऱ्यांनी सकाळी कचेरीत बसायचे नाही, रस्त्यावर फिरायचे, असा नियम केला. रस्ते रात्रीही झाडले जाऊ लागले. घाण करणाऱ्या हॉटेलवाल्यांना दंड झाला. दीड-दोन वर्षांत सुरतेची गणना देशातल्या स्वच्छ शहरांत होऊ लागली.

पुढे २००६ च्या ऑगस्टमध्ये तापीला पुन्हा पूर आला. हा पूर १९९४ पेक्षा फार मोठा होता. शहराचा बहुतेक भाग पाण्याखाली गेला. पण या वेळी पाणी उतरताच सफाई सुरू झाली. बाहेरच्या शहरांतून माणसे आणि गाड्या मागवल्या गेल्या. गाळ आणि घाण रात्रंदिवस उचलली गेली. नुकसान पुष्कळ झाले, पण १९९४ सारखी पळापळ झाली नाही.

नदी तीच, शहर तेच. फरक होता तो तयारीचा. कोणी काय करायचे हे आधी ठरलेले होते, म्हणून ते वेळेवर झाले.

५. अडचणीच्या दिवसांत पालिकेने काय करावे?

सर्व गाड्या बंद असोत किंवा थोड्याच चालू असोत, काही गोष्टी शहाणी पालिका करतेच. त्या आपणही समजून घेऊ.

एक, आधी कोणाचा कचरा उचलायचा ते ठरवावे. दवाखान्याचा कचरा सर्वांत आधी. सुया, रक्ताचे बोळे हे घरच्या कचऱ्यात मुळीच मिसळता कामा नयेत. त्याची गाडी वेगळी असते आणि तो ४८ तासांपेक्षा जास्त साठवू नये असा नियम आहे. त्यानंतर मटण आणि मासळीबाजार. मग भाजीबाजार. मग दाट वस्ती, कारण तिथे घरात जागा नसते. अंगण असलेल्या बंगल्यांची पाळी शेवटी आली तरी चालते. पण पुष्कळदा उलटे होते. ज्याची ओळख मोठी, त्याच्या दारी गाडी आधी जाते. आपण हे ओळखावे आणि विचारावे.

दोन, गाड्या कमी असतील तर वार ठरवून द्यावेत. ओला कचरा एक दिवसाआड तरी उचलावा. सुका आठवड्यातून एकदा उचलला तरी चालतो.

तीन, डेपो बंद असेल तर कचरा ठेवायला तात्पुरती जागा आधीच पाहून ठेवावी. ती विहिरीजवळ नको, नदी-नाल्याच्या पात्रात नको, शाळेजवळ नको. तिथे रोज मातीचा किंवा चुन्याचा थर द्यावा. गाड्या सुरू होताच ती जागा आधी रिकामी करावी. नाहीतर तात्पुरती जागा कायमची होते!

चार, लोकांना खरे काय ते सांगावे. गाडी कधी येईल, आज येणार नाही, उद्या या गल्लीत येईल, हे भोंग्यावरून सांगावे. मोबाइलवर कळवावे. खबर मिळाली की माणूस धीर धरतो. खबर नसली की तो रात्री पिशवी घेऊन खांबाकडे जातो.

या साऱ्याची जबाबदारी पालिकेच्या आरोग्य विभागावर असते. गल्लीतला माणूस म्हणजे मुकादम. त्याच्यावर स्वच्छता निरीक्षक. तक्रार करायची तर आधी या दोघांना गाठावे. तक्रार लिहून द्यावी आणि तिची पोच घ्यावी. तुम्ही आता लिहायला शिकला आहात. लिहिलेला कागद कचेरीत राहतो, तोंडी बोलणे वाऱ्यावर जाते.

६. नारेगावची गोष्ट

आता चौथ्या कारणाची गोष्ट.

आपल्या जळगाव जिल्ह्याच्या दक्षिणेला, अजिंठ्याच्या डोंगरापलीकडे औरंगाबाद शहर आहे. आज त्याचे नाव छत्रपती संभाजीनगर आहे. या शहराचा कचरा नारेगाव येथे नेऊन टाकत. तीस वर्षांहून जास्त काळ हे चालले. ओला-सुका असे काही नाही, सगळा एकत्र. ढिगाचे डोंगर झाले. डोंगरांना आगी लागत. धूर गावांत शिरे. विहिरींचे पाणी बिघडले. नारेगाव, मांडकी आणि आसपासच्या गावांनी अर्ज केले. आश्वासने मिळाली. पण काही बदलले नाही.

शेवटी २०१८ च्या फेब्रुवारीत गावकरी रस्त्यावर बसले. एकही कचऱ्याची गाडी पुढे जाऊ द्यायची नाही, असा त्यांनी निर्धार केला. शहरात रोज ४०० टनांहून जास्त कचरा निघत होता. तो जायचा कुठे? रस्त्यारस्त्यावर ढीग लागले. पालिकेने दुसऱ्या गावांकडे गाड्या वळवल्या. तिथल्या लोकांनीही अडवल्या. मार्चमध्ये मिटमिटा येथे दगडफेक झाली, लाठीमार झाला, गाड्या जळाल्या. प्रकरण उच्च न्यायालयात गेले. नारेगावला कचरा टाकण्यास न्यायालयाने मनाई केली.

मग पालिकेला करावे लागले ते काय? जे तीस वर्षांपूर्वी करायला हवे होते तेच. ओला आणि सुका कचरा घरातच वेगळा करा, असे लोकांना सांगावे लागले. वॉर्डावॉर्डांत खड्डे करून ओल्या कचऱ्याचे खत करावे लागले. पुढे चिकलठाणा येथे कचऱ्यावर प्रक्रिया करण्याचे केंद्र उभे राहिले. पण शहर सावरायला महिनेच्या महिने गेले.

येथे दोष कोणाचा? शहरातली आई म्हणते, "माझ्या दारात घाण आहे, लेकरू आजारी पडेल." तिचे खरे आहे. नारेगावची आई म्हणते, "माझ्या दारात तीस वर्षे घाण आहे." तिचेही खरे आहे. दोघींमध्ये भांडण लावून प्रश्न सुटत नाही. जो कचरा जिथे निघतो तिथेच त्याची निवड झाली, तर दोघींची सुटका होते.

आजी आता कान देऊन ऐकत होत्या. त्यांनी विचारले, "मग आपल्या जळगावचा कचरा कुठं जातो?" शहराशेजारच्या गावातली एक ताई म्हणाली, "आव्हाणे शिवारात." धुळ्याकडून आलेले एक भाऊ म्हणाले, "आमच्याकडं वरखेडी रस्त्याला." वर्ग थोडा वेळ गप्प झाला. शहराचा कचरा शेवटी कोणाच्या तरी शिवारातच जातो, हे सगळ्यांच्या ध्यानात आले.

७. थांबणारा कचरा आणि न थांबणारा कचरा

आता या पाठातली मुख्य गोष्ट सांगतो. ती नीट ध्यानात ठेवा.

सगळा कचरा सारखा नसतो. काही कचरा थांबतो, काही थांबत नाही.

कागद, पुठ्ठा, प्लॅस्टिक, काच, डबे, चिंध्या हा सुका कचरा. तो पोत्यात भरून कोपऱ्यात ठेवला तर महिनाभर थांबतो. वास नाही, माशी नाही. भंगारवालाही तो घेऊन जातो.

उरलेली भाकरी, भाजीची देठे, केळीच्या साली, अंड्याची टरफले, मासळीचे काटे हा ओला कचरा. तो थांबत नाही. दुसऱ्या दिवशी कुजू लागतो. माशी त्यावर अंडी घालते, एका वेळी शंभराच्या वर. एका दिवसात अंड्यातून अळी निघते. उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांत अळीची माशी होते आणि आपल्या ताटावर येऊन बसते. हगवण, कॉलरा, विषमज्वर यांचे जंतू ती पायांवर घेऊन येते. म्हणून ओला कचरा आठवडाभर पडून राहता कामा नये. माशी तयार होण्याआधी तो हलला पाहिजे किंवा मातीखाली गेला पाहिजे.

हे दोन्ही एकत्र टाकले की काय होते? ओल्यामुळे सुका नासतो आणि सुक्यामुळे ओल्याचे खत होत नाही. भंगारवाला हात लावत नाही, शेतकरीही घेत नाही. मग सगळाच कचरा न थांबणारा होतो. म्हणजे डबा एक असला तर गाडी रोज हवी. डबे दोन असले तर गाडी चार दिवस आली नाही तरी घर तग धरते. २०१६ साली केंद्र सरकारने नियम केले तेव्हा कचरा वेगवेगळा करून द्यावा असे सांगितले, त्यामागे हेच शहाणपण आहे.

गाडी बंद असेल तेव्हा घरात असे करावे:

ओल्या कचऱ्यातले पाणी गाळून टाकावे. झाकणाच्या बादलीत तो ठेवावा. वरून रोज मूठभर राख, कोरडी माती किंवा पालापाचोळा टाकावा. वास येत नाही, माशी बसत नाही.

अंगण असेल तर दोन हात लांब, दोन हात रुंद, दोन हात खोल खड्डा करावा. त्यात रोजचा ओला कचरा टाकून चार बोटे माती पसरावी. विहीर आणि हातपंप यांच्यापासून खड्डा लांब असावा.

लहान मुलांचे लंगोट, मासिक पाळीची फडकी, जखमेच्या पट्ट्या कागदात गुंडाळून वेगळ्या ठेवाव्यात. ओल्यात टाकू नयेत. फुटकी काच आणि ब्लेड वेगळ्या डब्यात ठेवावी, म्हणजे उचलणाऱ्याचा हात कापत नाही. कोरोनाच्या काळात तर वापरलेला मास्क कागदी पिशवीत तीन दिवस वेगळा ठेवून मगच सुक्या कचऱ्यात टाका, असे सरकारने सांगितले होते.

आणि एक करू नये. कचरा पेटवू नये. प्लॅस्टिकचा धूर विषारी असतो. तो आधी आपल्याच घरात शिरतो. उघड्यावर कचरा जाळणाऱ्यास ५,००० रुपये दंड करावा, असे राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१६ साली सांगितले आहे. नाल्यात टाकणे हेही तितकेच वाईट. आज नाल्यात टाकलेली पिशवी पावसाळ्यात पाणी अडवते आणि ते पाणी आपल्याच घरात येते.

८. आपल्या गावात काय?

"आपल्या मागच्या दारी उकिरडा आहे," असे आजी म्हणाल्या होत्या. उकिरडा वाईट नाही. शेण, काडीकचरा, खरकटे यांचा उकिरडा म्हणजे शेतकऱ्याची ठेव. पण आजच्या उकिरड्यात पाहा. गुटख्याच्या पुड्या, शांपूच्या पुड्या, दुधाच्या पिशव्या, औषधांच्या बाटल्या. हे कुजत नाही. खतातून शेतात जाते. गाय खाते आणि तिचे पोट फुगते. आजोबांच्या वेळचा उकिरडा आणि आजचा उकिरडा यांत हा फरक पडला आहे.

ओल्याचे खत करायची एक चांगली रीत आपल्याच महाराष्ट्रात निघाली. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचे नारायण देवताव पांढरीपांडे यांनी ती काढली. त्यांच्या नावावरून तिला नाडेप म्हणतात. विटांचे १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच टाके बांधायचे. भिंतींत हवेसाठी भोके ठेवायची. काडीकचरा, शेणपाणी आणि माती यांचे थर द्यायचे. तीन-चार महिन्यांत खत तयार होते. केळीच्या बागांतली पाने तुकडे करून त्यात घालता येतात.

पुष्कळ ग्रामपंचायतींनी आता कचऱ्याच्या गाड्या घेतल्या आहेत. पण गाडी बिघडली, चालक सुटीवर गेला, बॅटरी बसली, की गावाचीही साखळी तुटते. तेव्हा काय करायचे हे कोणी ठरवले आहे का? पावसाळ्याआधीच्या ग्रामसभेत हा विषय घ्यावा. तीन प्रश्न विचारावेत. गाडी बंद पडली तर कोणाचा ट्रॅक्टर येईल? मेलेले जनावर कोण उचलेल आणि कुठे पुरेल? ओल्या कचऱ्याचा खड्डा गावात कुठे आहे? उत्तरे ग्रामसभेच्या वहीत लिहून घ्यावीत. सरपंच बदलतात, वही राहते.

संत गाडगेबाबांची आठवण येथे केल्याशिवाय राहवत नाही. ते १९५६ साली गेले. गावात आले की आधी हातात खराटा घेत. दिवसा गाव झाडत आणि रात्री कीर्तन करीत. त्यांनी कधी "हे काम कोणाचे?" असे विचारले नाही. पण आपण मात्र दोन्ही करावे. खराटाही घ्यावा आणि ज्याचे काम आहे त्याला विचारावेही.

९. आजींचे उत्तर

पाठ संपत आला. आम्ही आजींना म्हणालो, "आजी, आता सांगा, शहराच्या कचऱ्यात आपलं काय जातं?"

आजी जरा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "आपली पोरं शहरात राहतात. साथ आली की ती आपल्या दारी येतात. शहराची घाण आपल्यासारख्याच्या शिवारात येते. नदीही एकच आहे. म्हणजे सगळंच आपलं जातं, बाप्पा."

दुसऱ्या दिवशी त्या वर्गाला उशिरा आल्या. आम्ही कारण विचारले. त्या म्हणाल्या, "उकिरड्यातल्या पिशव्या वेचत होते. एक पोतं भरलं. अजून दोन भरतील."

ध्यानात ठेवा

कचऱ्याची एक कडी तुटली की सारी साखळी थांबते.
सुका कचरा थांबतो, ओला कचरा थांबत नाही. म्हणून दोन डबे ठेवा.
ओल्यावर माती किंवा राख टाका. काही पेटवू नका. नाल्यात टाकू नका.
अडचण येण्याआधीच ग्रामसभेत सोय ठरवा आणि वहीत लिहून घ्या.
कचरा उचलणाऱ्या माणसाला मान द्या. त्याच्या पगाराचीही चौकशी करा.

प्रश्न

१. घंटागाडी बंद पडण्याची चार कारणे कोणती?
२. सुरतेत १९९४ साली काय झाले? २००६ साली काय वेगळे झाले?
३. नारेगावच्या लोकांनी गाड्या का अडवल्या? तुमच्या मते त्यांनी काय करायला हवे होते?
४. तुमच्या घरात पाच माणसे आहेत. माणशी ३०० ग्रॅम कचरा निघतो. रोज किती कचरा झाला? सात दिवसांचा किती झाला?
५. तुमच्या गावात चार दिवस कचऱ्याची गाडी आली नाही, असे समजा. सरपंचांना चार ओळींचा अर्ज लिहा.